टेस्टिंगची अ‍ॅडमिरल

कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये सिलेक्शन झालं की कट्ट्यावरचा पहिला प्रश्न पॅकेजचा असतो. दुसराही ठरलेलाच, डेव्हलपमेंट की टेस्टिंग? डेव्हलपमेंट असेल तर पार्टी. टेस्टिंग असेल तर मित्र समजूत घालतात, की आधी आत तर घुस, मग बघू बदलून मिळतं का. जणू प्रोग्राम लिहिणं म्हणजे खरं काम आणि तो तपासणं म्हणजे उरलंसुरलं.

पाथर्डीतून बीसीए, बीसीएस किंवा इंजिनिअरिंग करून पुण्याची वाट धरणाऱ्या एखाद्या पोराला किंवा पोरीला पहिलं काम मिळतं तेही बऱ्याचदा असंच. कुठल्या तरी कंपनीची ग्राहक सांभाळणारी सिस्टीम असते, जिला सीआरएम म्हणतात. ग्राहकाचं नाव, पत्ता, मोबाईल, त्याने काय घेतलं, किती पैसे भरले, कधी तक्रार केली, सगळं त्यात. ती नीट चालते का हे तपासायचं. दिसायला काम साधं आहे. पण त्यात चूक राहिली तर त्रास कंपनीच्या एसी ऑफिसात बसलेल्याला होत नाही. तो होतो ज्याचं नाव त्या सिस्टीममध्ये आहे त्याला.

म्हणूनच आज एका बाईंची गोष्ट. त्या गणिताच्या प्राध्यापिका होत्या, नंतर नौदलात गेल्या आणि रिअर अ‍ॅडमिरल होऊन निवृत्त झाल्या. कॉम्प्युटरमधल्या किड्याची गोष्ट त्यांच्या नावावर जगभर सांगितली जाते. पण त्यांचं सर्वांत टिकाऊ काम वेगळंच आहे, आणि ते टेस्टिंगचं आहे. त्यांचं नाव ग्रेस हॉपर.

सात घड्याळं

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील विम्याच्या धंद्यात. आईला गणिताची आवड, पण तिच्या काळात मुलींना ते पुरेसं शिकता येत नव्हतं. ग्रेस सात वर्षांची असताना तिला प्रश्न पडला, गजराचं घड्याळ वाजतं कसं? तिने एक घड्याळ उघडलं. सुटे भाग परत बसेनात. मग नीट बघावं म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. आईला कळलं तेव्हा घरातली सातही घड्याळं खुली पडली होती. आईने मार दिला नाही. यापुढे प्रयोग एकाच घड्याळावर करायचे, एवढा नियम घालून दिला.

वडिलांचे दोन्ही पाय आजारपणात गेले. लाकडी पायांवर ते उभे राहिले आणि मुलींनीही मुलांसारखंच शिकून स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे यावर ठाम राहिले. ग्रेसला पहिल्या प्रयत्नात व्हॅसर कॉलेजला प्रवेश मिळाला नाही, कारण लॅटिनमध्ये मार्क कमी पडले. एक वर्ष थांबून ती पुन्हा बसली आणि आत गेली. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी, १९३० मध्ये येल विद्यापीठातून एमए, १९३४ मध्ये तिथूनच गणितात पीएचडी. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. पुढे दोघं वेगळे झाले, पण आडनाव तेच राहिलं. व्हॅसरमध्ये त्या शिकवू लागल्या. आपल्याकडे शाळेत मास्तरीणबाईंना नुसतं बाई म्हणतात, म्हणून आपणही त्यांना हॉपरबाई म्हणू.

वय जास्त, वजन कमी

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. हॉपरबाईंचे पणजोबा नौदलात रिअर अ‍ॅडमिरल होते. त्यांनाही नौदलातच जायचं होतं. अडचणी दोन होत्या. वय पस्तिशीच्या घरात, म्हणजे भरतीला जास्त. आणि वजन नियमापेक्षा सुमारे ७ किलो कमी. शिवाय गणिताचे प्राध्यापक देशाला कॉलेजातच हवेत असंही सांगितलं गेलं. त्या मागे हटल्या नाहीत. वजनासाठी सूट मिळवली, कॉलेजातून रजा घेतली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. ट्रेनिंगमध्ये त्या तुकडीत पहिल्या आल्या.

पोस्टिंग जहाजावर नव्हतं. जुलै १९४४ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात एका यंत्रासमोर उभं करण्यात आलं. त्याचं नाव मार्क वन. ५१ फूट लांब, ८ फूट उंच. एका सेकंदात जेमतेम तीन बेरजा. आजचा साधा मोबाईलही त्याला लाजवेल, पण त्या काळात ते आश्चर्यच होतं. तोफांच्या पल्ल्याचे तक्ते आणि युद्धाची इतर गणितं त्यावर रात्रंदिवस चालायची. प्रमुख होते हॉवर्ड एकेन, अत्यंत कडक माणूस. त्यांनी हॉपरबाईंना या यंत्राचं मॅन्युअल लिहायला लावलं. ५६१ पानांचं ते पुस्तक १९४६ मध्ये छापून आलं.

इथेच त्यांना पहिला धडा मिळाला. एखादं गणित सोडवणारा कोड एकदा बरोबर चालला की तिथली मंडळी तो आपापल्या वहीत उतरवून ठेवायची आणि पुढच्या वेळी एकमेकांच्या वहीतून नकलून घ्यायची. नकलताना एखादं अक्षर आकड्यासारखं वाचलं जायचं, एखादा आकडा अक्षरासारखा. मूळ कोड बरोबर, नक्कल चुकीची. ही सगळी हुशार, गणितात तरबेज माणसं होती, तरीही चुका होत होत्या. हॉपरबाईंच्या लक्षात आलं, की माणसाला जास्त काळजी घ्यायला सांगून हे थांबणार नाही. नकलण्याचं काम यंत्राकडेच द्यायला हवं.

वहीत चिकटवलेला पतंग

आता ती प्रसिद्ध गोष्ट. ९ सप्टेंबर १९४७. हार्वर्डमध्येच मार्क टू नावाचं नवं यंत्र तयार होत होतं. ते मध्येच चुकू लागलं. शोधाशोध केल्यावर एफ पॅनेलच्या ७० नंबरच्या रिलेमध्ये एक पतंग अडकून मेलेला सापडला. दिव्याभोवती फिरतो ना, तो पतंग. टीमने तो काढला, रोजच्या नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि प्रत्यक्षात किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ असल्याची गमतीशीर नोंद खाली लिहिली. किड्याला इंग्रजीत बग. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेली आहे, पतंगासकट.

बऱ्याच ठिकाणी सांगतात, की बग हा शब्द हॉपरबाईंनी शोधला. तसं नाही. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासून होती. उलट नोंदीतली गंमतच त्यावर उभी आहे, शब्द आधीचा आणि किडा नंतरचा. पतंग त्यांनी स्वतः पकडला असंही नाही. ही गोष्ट रंगवून सांगत जगभर पोचवली मात्र त्यांनीच.

पण या पानाकडे टेस्टरच्या नजरेने बघा. तारीख आहे, वेळेची नोंद आहे, नेमकी जागा आहे आणि पुरावा तर चिकटवलेलाच आहे. वाचणाऱ्याला दुसरा प्रश्नच विचारावा लागत नाही. आज किती बग रिपोर्टमध्ये नुसतं लिहिलेलं असतं, सेव्ह बटण चालत नाही. कुठल्या स्क्रीनवर, काय भरलं होतं, कोणत्या ब्राउझरवर, पत्ता नाही. असा रिपोर्ट डेव्हलपरकडून परत येतो, माझ्याकडे चालतंय असा शेरा घेऊन, आणि दोन दिवस वाया जातात. मार्क टूच्या वहीसारखा रिपोर्ट परत येत नाही.

कॉम्प्युटरला इंग्रजी येत नाही

युद्ध संपल्यावर नौदलात कायम होण्यासाठी हॉपरबाईंनी अर्ज केला. वय जास्त म्हणून तो नाकारला गेला. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. युनिव्हॅक हा धंद्यासाठी विकायचा कॉम्प्युटर तिथे बनत होता. १९५० मध्ये ही कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली. हा काळ त्यांना सोपा गेला नाही. संसार मोडला होता, कामाचा ताण होता आणि दारूचा त्रास वाढला होता. मित्रांनी आणि कामाने त्यांना सावरलं. यशस्वी माणसांच्या आयुष्यातली ही पानं गाळून वाचायची नसतात.

वहीतून नकलण्याचा तो जुना प्रश्न त्यांनी इथे हातात घेतला. तपासलेले कोडचे तुकडे टेपवर साठवायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा आणि कॉम्प्युटरने स्वतःच हवे ते तुकडे उचलून प्रोग्राम जोडायचा. १९५२ पर्यंत त्यांचा ए-झीरो कंपायलर चालू लागला. आजच्या भाषेत त्याला लिंकर-लोडर म्हणता येईल. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम थोडाच तयार करतो, असं म्हणत बरेच दिवस कुणी त्यावर विश्वासच ठेवला नाही.

पुढचं पाऊल आणखी धाडसाचं होतं. ग्राहकांची बिलं, पगार, माल यांचा हिशेब ठेवणाऱ्यांना गणिताची चिन्हं नको असतात, त्यांना साधे शब्द हवेत. मग प्रोग्राम साध्या इंग्रजी शब्दांत का लिहू नये? वरिष्ठांनी नकार दिला, कारण कॉम्प्युटरला इंग्रजी कळत नाही. १९५५ च्या सुमारास हॉपरबाईंच्या टीमने छोटा प्रोग्राम करून दाखवला. आधी इंग्रजी शब्दांत, मग तोच फ्रेंच शब्दांत, मग जर्मन शब्दांत. त्यांना दाखवायचं होतं, की यंत्राला सगळे शब्द सारखेच, ते फक्त खुणा ओळखतं. झालं उलटंच. अमेरिकेत बनलेल्या कॉम्प्युटरला परकी भाषा कशी कळेल, म्हणून साहेब मंडळी हबकली. आता फक्त इंग्रजीच वापरू असं कबूल करून हॉपरबाईंनी परवानगी मिळवली. त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा झाली.

हा किस्सा नुसता हसून सोडण्यासारखा नाही. ज्या साहेबांनी पैसा द्यायचा त्यांना यंत्र काय करतं याची कल्पनाच नव्हती. टेस्टरलाही असेच साहेब भेटतात. त्यांना पटवायचं तर वाद घालण्यापेक्षा चालवून दाखवणं बरं, आणि ते काय समजून घेतील याचाही आधी विचार केलेला बरा.

एक प्रोग्राम, दोन मशीन

१९५९ पर्यंत एक नवी डोकेदुखी तयार झाली होती. प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा आणि त्याची भाषा वेगळी. एका मशीनवर लिहिलेलं काम दुसऱ्यावर न्यायचं तर सगळं पुन्हा लिहा. मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यात, पेंटागॉनमध्ये, कंपन्या आणि सरकारी खात्यांची बैठक झाली. धंद्यासाठी सगळ्यांची मिळून एक भाषा करायचं ठरलं. ती कोबोल. ती एका समितीने बनवली, त्यात जीन सॅमेट, बेटी होल्बर्टन अशा इतरही हुशार बायका होत्या. हॉपरबाई सल्लागार होत्या आणि कोबोलचा बराचसा पाया त्यांच्या फ्लो-मॅटिकवर उभा राहिला. त्यामुळे त्यांना कोबोलची आजी म्हणतात.

भाषा कागदावर झाली. पण खरंच सगळीकडे चालते का? डिसेंबर १९६० मध्ये एक कोबोल प्रोग्राम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर, आरसीए आणि युनिव्हॅकवर, जवळपास जसाच्या तसा चालवून दाखवला गेला. कोबोलची ती पहिली मोठी परीक्षा होती आणि ती पास झाली.

सहा महिन्यांची एकोणीस वर्षं

१९६६ च्या अखेरीस वयाच्या साठीला नौदलाने हॉपरबाईंना राखीव दलातून निवृत्त केलं. त्यांना ते फार लागलं. पण सात महिन्यांत नौदलालाच त्यांची गरज पडली. ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी बोलावणं आलं. ते सहा महिने एकोणीस वर्षं चालले.

गरज कशाची होती? नौदलाकडे निरनिराळ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर होते. प्रत्येक कंपनी सांगायची, की आमच्याकडे कोबोल आहे. पण एकाचं कोबोल दुसऱ्याशी जुळत नव्हतं. कुणी एखादा भाग गाळलेला, कुणी स्वतःचं काहीतरी घुसडलेलं. प्रोग्राम इथे चालायचा, तिथे अडायचा. त्याहून वाईट म्हणजे कधी अडायचाच नाही, गुपचूप वेगळं उत्तर द्यायचा. शिवाय ज्या कंपनीचं मशीन घेतलं तिच्याच दावणीला कायमचं बांधलं जायचं.

हॉपरबाईंनी भांडत बसण्याऐवजी परीक्षा तयार केली. नौदलाच्या प्रोग्रामिंग भाषा विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांनी टीमकडून कोबोलमध्येच लहान लहान प्रोग्राम लिहून घेतले. एकेक प्रोग्राम भाषेतली एकेक गोष्ट तपासायचा. बेरीज, आकडे पूर्ण करणं, फाईल वाचणं, अटी. बरोबर उत्तर काय यायला हवं हे आधीच लिहून ठेवलेलं. कंपायलरने दिलेलं उत्तर त्याच्याशी ताडायचं आणि छापायचं, पास की नापास. परीक्षा सगळ्यांना एकच. विक्रेता कितीही मोठा असला तरी पेपर तोच.

यातली मेख लक्षात घ्या. आधी नियम लिहिलेला हवा, म्हणजे स्टँडर्ड. कोबोलचं अमेरिकन स्टँडर्ड १९६८ मध्ये आलं. मग त्या नियमातून प्रश्न निघतात. उत्तर आधी ठरतं, प्रोग्राम नंतर चालतो. आणि पेपर तपासणारा हा माल विकणारा नसतो. या शिस्तीमुळे आमचं कोबोल बरोबर आहे हे सांगण्याची गोष्ट उरली नाही, ती सिद्ध करण्याची झाली. पुढे सरकारला कोबोल कंपायलर विकायचा तर अशी तपासणी करून घेणं भाग पडलं आणि हे काम राष्ट्रीय मानक संस्थेपर्यंत पोचलं. चाचणीत नापास झालं की कंपन्या आपला कंपायलर सुधारायच्या. हळूहळू सगळ्यांचं कोबोल एकसारखं होत गेलं.

पतंगाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. या परीक्षेची गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. पण कॉम्प्युटरच्या जगात विश्वास नावाची गोष्ट तयार झाली ती अशा कामातून.

पाथर्डीतून पाहिलं तर

आता ही शिस्त आपल्या गावाकडे आणून बघू. समजा पुण्यातली एक कंपनी ठिबकचे सेट विकते. तिच्या सीआरएममध्ये पाथर्डी तालुक्यातले, तिसगाव, मिरी, करंजी, टाकळीमानूर इथले शेतकरी ग्राहक आहेत. सिस्टीम ज्याने बनवली त्याने तपासताना स्वतःचं नाव टाकलं, सेव्ह केलं, झालं म्हणाला. तुम्ही टेस्टर आहात. तुमचा पेपर काय असेल?

पहिला प्रश्न नावाचा. आव्हाड हे आडनाव इंग्रजीत कुणी व्ही घालून लिहितं, कुणी डब्ल्यू घालून, कुणी सुरुवातीला दोन ए लावतं. एकाच माणसाचे तीन ग्राहक झाले. हप्ता एकाच्या खात्यात जमा आणि थकबाकीची नोटीस दुसऱ्याच्या नावाने. माणूस एकच, पैसे भरलेला, आणि नोटीस दारात. अपेक्षित उत्तर आधी लिहा. तोच मोबाईल नंबर पुन्हा आला तर सिस्टीमने नवं खातं उघडण्याआधी थांबून विचारलं पाहिजे. पण थांबायचं म्हणजे अडवायचं नाही. एकाच घरात बाप, मुलगा आणि सून असा एकच नंबर देणारीही माणसं आहेत.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. पाथर्डी हा ऊसतोड कामगारांचा तालुका. दिवाळीच्या आसपास कितीतरी कुटुंबं कारखान्यांच्या भागात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कुणी जाण्याआधी तक्रार नोंदवली, मेकॅनिक आला, घराला कुलूप. ग्राहक भेटला नाही म्हणून सिस्टीमने आपोआप तक्रार बंद केली. कागदावर काम पूर्ण, शेतात पाईप तसाच फुटका. हा बग कोडमध्ये शोधून दिसणार नाही, कारण कोड सांगितल्याप्रमाणेच वागतोय. तो नियम लिहिताना राहिलेला आहे. ज्याला तालुका माहीत आहे तोच हा प्रश्न पेपरात घालू शकतो.

तिसरा प्रश्न जिल्ह्याचा. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या ग्राहकाच्या नोंदीवर एक नाव, नव्या ग्राहकाच्या नोंदीवर दुसरं. जिल्हानिहाय रिपोर्ट काढला की एका जिल्ह्याचे दोन जिल्हे, आणि दोन्हीकडे आकडा निम्मा. साहेब बघतात आणि म्हणतात, इकडे धंदा पडलाय, सर्व्हिस सेंटर बंद करा. एका यादीतल्या नावामुळे कुणाची तरी नोकरी जाऊ शकते.

चौथा प्रश्न जुन्या कामाचा. आज एसएमएसची नवी सोय जोडली. ती चालते. पण कालपर्यंत बरोबर निघणारी पावती अजून बरोबर निघते का? याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. हॉपरबाईंच्या प्रोग्रामांचा संच यासाठीच मोलाचा होता. कंपायलर बदलला की सगळा पेपर पुन्हा पहिल्यापासून सोडवायला लावायचा. हाताने हे दर वेळी होत नाही, माणूस कंटाळतो. म्हणून तपासणीही यंत्राकडे द्यायची आणि माणसाने डोकं नवे प्रश्न काढायला वापरायचं.

आणि एक पथ्य. टेस्टिंगसाठी खऱ्या ग्राहकांची नावं आणि नंबर उचलायचे नाहीत. गंमत म्हणून सोडलेला मेसेज खऱ्या माणसाच्या मोबाईलवर गेला तर तो घाबरतो. आपल्याकडे आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. खोटी नावं बनवा, पण खरी वाटतील अशी, आपल्याकडची.

वर्षाचे दोन आकडे

नियम लिहिताना राहिलेली चूक किती महाग पडते हे कोबोलच्याच दुनियेने दाखवलं. पंच कार्डवर ८० रकाने असायचे आणि मेमरी सोन्याच्या भावाची. म्हणून वर्ष चार आकड्यांऐवजी दोनच आकड्यांत लिहायची सवय लागली. १९६५ म्हणजे नुसतं ६५. ते प्रोग्राम इतकी वर्षं टिकतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. २००० साल जवळ आलं तेव्हा शून्य शून्य म्हणजे १९०० की २००० हा घोळ जगभर उभा राहिला. बँका, विमा, पगार, सगळीकडे जुने प्रोग्राम उघडून दुरुस्त करणं आणि पुन्हा तपासणं सुरू झालं. हेच वायटूके. मुंबई-पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांनाही त्या कामाने मोठा हात दिला. आज पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या वाटेत त्या दोन गाळलेल्या आकड्यांचाही वाटा आहे.

शेवटचा सलाम

हॉपरबाईंनी हे वायटूके पाहिलं नाही. पण आम्ही नेहमी असंच करत आलोय या वाक्याशी त्यांचं आयुष्यभर वैर होतं. ऑफिसात त्यांनी उलटं फिरणारं घड्याळ लावलं होतं. काटे डावीकडे फिरायचे, तरी वेळ बरोबर कळायची. व्याख्यानांना गेल्या की सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे वायरचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त एवढंच अंतर जातो हे तरुणांना हातात धरून कळावं म्हणून. १९६९ मध्ये डेटा प्रोसेसिंगवाल्यांच्या एका संघटनेने पहिला वार्षिक पुरस्कार त्यांना दिला, त्याचं नाव होतं मॅन ऑफ द इयर!

१९७३ मध्ये त्या कॅप्टन झाल्या, १९८३ मध्ये कमोडोर आणि १९८५ मध्ये रिअर अ‍ॅडमिरल. ज्या नौदलाने वय जास्त म्हणून नाकारलं होतं, तिथून त्या १४ ऑगस्ट १९८६ रोजी ७९ व्या वर्षी निवृत्त झाल्या, तेव्हा सेवेत असलेल्या सर्वांत वयस्कर अधिकारी म्हणून. समारंभ बोस्टनमध्ये यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर झाला. घरी बसणं जमणार नव्हतंच. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून त्या शेवटपर्यंत काम करत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी, ८५ व्या वर्षी, झोपेतच गेल्या. अर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांना लष्करी इतमामात निरोप देण्यात आला. पुढे अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचं नाव मिळालं आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर दिला गेला.

त्यांच्या परीक्षेची परंपरा अजून जिवंत आहे. ग्नू-कोबोल नावाचा मोफत कंपायलर आजही राष्ट्रीय मानक संस्थेच्या कोबोल चाचण्यांवर तपासला जातो. कंपायलर आणि चाचण्या दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. कॉलेजच्या लॅबमधल्या साध्या मशीनवर चालतात. एक दिवस उतरवून घ्या, चालवा आणि पास-नापासची ती लांबलचक यादी बघा. मग त्यातला एक प्रोग्राम उघडून वाचा. बरोबर उत्तर आधी कसं लिहून ठेवलंय ते दिसेल.

त्यानंतर आपल्या ओळखीची एखादी सिस्टीम घ्या. कॉलेजचा प्रवेशाचा फॉर्म, पतसंस्थेचं अ‍ॅप, गॅस बुकिंग, काहीही. तिच्यासाठी दहा प्रश्नांचा पेपर काढा आणि प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर शेजारी लिहा. कुणाला विचारून लिहाल? काउंटरवर बसणाऱ्या ताईंना, मेकॅनिकला, रांगेत उभ्या असलेल्या आजोबांना. इंटरव्ह्यूला गेलात आणि टेस्टिंग मिळालं, तर हा कागद खिशात असू द्या. पुण्याच्या ऑफिसात बसून तिसगावच्या शेतकऱ्याचा प्रश्न पेपरात घालणारं माणूस त्या खोलीत बहुतेक तुम्ही एकटेच असाल.